आवळबोडी हॉल्टची कारणवही

आवळबोडी हॉल्टवर तिकीट मागून मिळत नाही. आधी कारण द्यावं लागतं.

स्टेशन म्हणजे विटांची एक खोली, एक मोहाचं झाड आणि गावाचं नाव लिहिलेला पिवळा फलक. खोलीच्या भिंतीला हातभर भोक पाडलेलं आहे, तीच तिकीटखिडकी. तिच्यातून आधी चष्मा दिसतो. त्याची एक काडी गेलेली, तिच्या जागी सुतळी. मग आवाज येतो.

"कुठी?"

"मूल."

"काऊन जाऊन राह्यले?"

नवा माणूस इथेच अडतो. त्याला वाटतं, आपण चुकून पोलीस चौकीत आलो. पण आवळबोडीचा माणूस गुमान सांगतो. दात दुखून राह्यला. पोरीचं लग्न जमवायचं हाय. वायर जळली मोटारीची. आतला माणूस ते सगळं एका लांबट वहीत उतरवतो, तारखेचा ठसा मारतो, आणि मगच तिकीट बाहेर येतं. त्याला ताज्या मासळीचा वास असतो. मूल या तालुक्याच्या गावाकडचे तिकीट तपासनीस आवळबोडीचं तिकीट वाचत नाहीत, नुसतं नाकाजवळ नेतात आणि परत देतात.

हे आमचे डोमाभाऊ. डोमाजी शेंडे. रेल्वेचे नोकर नव्हेत, कमिशनवर तिकिटं विकणारे हॉल्टचे एजंट. जातीचे ढिवर, त्यामुळे सकाळी गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, जाळं टाकायचं, मासे विकायचे, आणि गाडीच्या आधी तास-अर्धा तास ओल्या हातानं येऊन खिडकी उघडायची. असं ते तीस वर्षं करत आलेत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. घरात जाळं, चूल आणि वह्या. एकतीस वह्या.

मी त्या गावच्या शाळेत मास्तर. वर्गाच्या भिंतीवर 'नेहमी खरे बोलावे' असं मी स्वतःच्या हातानं, निळ्या रंगात लिहिलेलं आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना माझं तोंड का पडलंय ते वाचणाऱ्याला कळेल.

तर कारणांविषयी. डोमाभाऊ कुणालाही तिकीट नाकारत नाहीत. "नाकाराचा अधिकार मले कुठी हाय? तिकीट सरकारचं. फक्त कारण कच्चं असलं का माहा पेन थांबते," असं ते म्हणतात. पेन किती वेळ थांबेल याचं काही सांगता येत नाही. एकदा एक सून सकाळच्या गाडीला पिशवी घेऊन आली, डोळे लाल.

"काऊन जाऊन राह्यली बाई?"

"सासू बोलली."

डोमाभाऊंनी पेन खाली ठेवला. "हे सकाळच्या गाडीचं कारण नाई. हे सायंकाळचं हाय. सायंकाळपावेतो टिकलं तं घेऊन ये, पयलं तिकीट तुलेच देतो."

ते काही टिकलं नाही. संध्याकाळी ती सून आणि तिची सासू दोघी मिळून बोडीवर कपडे धूत होत्या. पुढे ती खरंच एकदा संध्याकाळी आली तेव्हा मात्र डोमाभाऊंनी एक शब्द न बोलता तिकीट दिलं आणि गाडी येईपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले.

एक औषधांचा विक्रेता तर खवळलाच. "मेरी मर्जी!" असं हिंदीत ओरडला. डोमाभाऊंनी शांतपणे वहीत लिहिलं, 'कारण: मर्जी'. वर म्हणाले, "चालते. पन लय दिवस पुरत नाई ते."

कारण लिहून काम संपत नाही. माणूस परतीच्या गाडीनं उतरला की डोमाभाऊ खोलीबाहेर येतात आणि विचारतात, "झालं काम?" झालं असेल तर वहीत बरोबरची खूण. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांच्या खुणा दोन-दोन महिने राहून जातात. सगळी माणसं उतरेपर्यंत ते त्या पानावर मोहाचं पान घालून ठेवतात.

हा नाद कशापायी, ते मी एकदा विचारलं होतं. त्यांनी स्टेशनचा सगळा इतिहास सांगितला. जुनी छोटी लाईन होती तेव्हा इंजिन वाफेचं. त्याला आवळबोडीशी यायच्या सुमाराला तहान लागायची. डोमाभाऊंचे वडील बोडीचं पाणी टाकीत चढवायचे, ते इंजिन प्यायचं, आणि तेवढ्यात माणसं चढून-उतरून घ्यायची. पुढे डिझेल आलं, मोठी लाईन झाली. डिझेलला काही तहान लागेना. मग एक साहेब पाहणीला आला. त्यानं गावकऱ्यांना एकच प्रश्न केला, "ही गाडी इथे कशासाठी थांबवायची? काही कारण?"

"सारं गाव उभं होतं गुर्जी. पाटील होते, सरपंच होते. एकाले सांगता नाई आलं. सारे पायाकडे पाहून राह्यले. माहा बाप बी."

कसाबसा हॉल्ट म्हणून थांबा राहिला. डोमाभाऊंनी एजंटपण घेतलं आणि त्याच दिवशी पहिली वही आणली. साहेब पुन्हा येईल, पुन्हा विचारील, तेव्हा कारणं तयार पाहिजेत. एकही खोटं नको, एकही गाळलेलं नको.

तीस वर्षांत साहेब आला नाही. वह्या तयार आहेत.

आता माझ्याकडे येतो. यायलाच हवं.

मी चंद्रपूरच्या किल्ल्याच्या भिंतीआड वाढलेला माणूस, माझं स्टेशन चांदा फोर्ट. आवळबोडीला नेमणूक झाली तेव्हा मला वनवासात धाडल्यासारखं वाटलं होतं. शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटायची आणि गाडी सव्वाअकराची. दुसरी गाडी थेट संध्याकाळी साडेसहाला. चंद्रपुरात माझी मित्रमंडळी दुपारपासून कॅरमला बसायची. तेव्हा मी अकराला सोबतच्या मॅडमना वर्ग सांभाळायला सांगायचो आणि सटकायचो.

पहिल्याच शनिवारी रांगेत माझ्या मागे कोण, तर शाळा समितीचे अध्यक्ष.

"कुठी गुर्जी?"

"चांदा फोर्ट."

"काऊन जाऊन राह्यले?"

रांगेनं कान टवकारले. मास्तर शाळा सोडून कुठे चालला हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं. कॅरमचं नाव घेणं शक्यच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई आजारी आहे."

पेन एका क्षणासाठीही थांबला नाही. डोमाभाऊंनी तिकीट दिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जा बाप्पा लवकर. शाळा काय, होत राहीन."

मागून अध्यक्षही म्हणाले, "हो, हो, जा तुम्ही." सुटलो म्हणून मी मनात हसलो. ते हसू आठवलं की आजही कान तापतात.

सोमवारी उतरलो तर डोमाभाऊ फलाटावर. "माय कशी हाय?" आता काय सांगणार? बरी आहे म्हटलं तर पुढचा शनिवार गेला. म्हटलं, "तशीच आहे."

तशीच ती चार वर्षं राहिली.

आजारपण चालवणं किती कठीण असतं ते ज्याला नसलेलं चालवावं लागतं त्यालाच कळतं. आधी ताप होता. पण सहा महिने ताप टिकत नाही हे लक्षात आल्यावर मी तो पोटात उतरवला. पावसाळ्यात दम लावला. हिवाळ्यात सांधे धरले. उन्हाळ्याच्या सुटीत बिचारीला थोडा आराम पडायचा, कारण मलाही जायची गरज नसायची. आणि खरी आई? ती पहाटे उठून दोन बादल्या पाणी वाहायची, शेजारणीशी भांडायची, कुरडया घालायची. शनिवारी मी घरी पिशवी टाकून कॅरमला पळायचो आणि रात्री जेवायला उगवायचो. ज्या आईच्या नावावर मी गाडी पकडायचो, तिच्या वाट्याला माझी ताटावरची पंधरा मिनिटं यायची.

डोमाभाऊंनी मात्र आजारपण अंगावर घेतलं. तापासाठी भुईनीम. पोटासाठी हिरडा. दमासाठी कसलीशी साल. अशक्तपणावर खेकडे, डब्यात पाणी घालून जिवंत दिलेले. आणि दर शनिवारी न चुकता गुळवेलीची जुडी. रानात जाऊन, पावसात, चिखलात, स्वतःच्या हातानं तोडून आणलेली. "काढा करून देजा मायले. कडू लागन, पन देजा."

खेकडे मी गाडीतल्या कुणालाही देऊन टाकायचो. रिकामा डबा सोमवारी परत. गुळवेल कुणी घेईना. मूल गेल्यावर जिथे जंगल सुरू होतं, त्या वळणावर मी ती खिडकीतून फेकून द्यायचो. दर शनिवारी, त्याच वळणावर. माणसाच्या नीचपणालासुद्धा शिस्त लागते.

आवळबोडीत त्या खिडकीवर कुणी खोटं बोलत नाही. रांगेला सगळं माहीत असतं, बोलून उपयोग नाही. बोलणारा मी एकटाच होतो, कारण माझी आई कुणी पाहिलेली नव्हती.

मग चौथ्या वर्षी एका मित्राचं लग्न निघालं. सोमवारचीही रजा हवी होती. तेव्हा मी जरा जास्तच केलं. खिडकीशी मान खाली घालून म्हणालो, "भाऊ, आता अन्न पण जात नाही तिला."

डोमाभाऊंनी चष्मा काढून पुसला, मग तिकीट दिलं. मला वाटलं, चला, सोमवार मिळाला.

पुढच्या शनिवारी खिडकीशी गेलो तर आत कुणी नाही. डोमाभाऊ बाहेर उभे. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, चष्म्याला नवी सुतळी. एका हातात नायलॉनची पिशवी, दुसऱ्या हातात खेकड्यांचा डबा. संध्याकाळच्या गाड्यांची तिकिटं त्यांनी सकाळीच गावात फिरून, कारणं लिहून, देऊन टाकली होती. आता ते रांगेच्या पुढे गेले, बाहेरून खिडकीत वाकले आणि मोकळ्या खोलीला म्हणाले, "चांदा फोर्ट."

मग आत गेले, बसले, चष्मा लावला. "काऊन जाऊन राह्यले डोमाजी?"

पुन्हा बाहेर आले. "गुर्जीची माय पाहाले."

आत जाऊन ते लिहून घेतलं, ठसा मारला, तिकीट बाहेर सरकवलं आणि बाहेर येऊन उचललं. रांगेतलं कुणी हसलं नाही. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "डोमा पयल्यांदा गाडीत बसून राह्यला. तीस वर्षांत त्याले कारणच नाई भेटलं. ना पोरगी कुठी देल्ली, ना साळा, ना साडू."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण काय म्हणणार? गाडी आली होती.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. डोमाभाऊ खिडकीशी ताठ बसले, तिकीट दोन बोटांत धरलेलं. मूल आलं तसे उठून उभे राहिले. "हे मूल? एवढं मोठं? मी आपला साधंसुधं समजून तिकिटा देऊन राह्यलो!" या सगळ्या गावांना त्यांनी माणसं धाडली होती, गाव एकही पाहिलं नव्हतं. मी घरी फोन लावत होतो. आईनं निदान खाटेवर तरी पडून राहावं. मूल सुटलं आणि रेंज गेली.

मग ते वळण आलं.

"गुर्जी! अवो गुर्जी, पाहा ना!" डोमाभाऊ माझा दंड हलवू लागले. "इथी तं गुळवेलच गुळवेल हाय! हे झाड पाहा, ते पाहा, तारेवर बी चढली. अन् मी काऊन जंगलात वाघाच्या तोंडी फिरून राह्यलो?"

गुळवेलीला माती लागत नाही, कुठेही टाका, ती जगते. चार वर्षांच्या माझ्या जुड्या तिथे झाडांवर चढून, फांद्यांवरून लोंबत माझ्याकडे बघत होत्या. मी उलट्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसलो. ती बंद होती.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात होती. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या, पदर खोचलेला, आणि शेजारणीला काहीतरी ठणकावून सांगणं चाललेलं.

डोमाभाऊ फाटकात थांबले. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस माझ्याकडे बघेल. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"माय, उभ्या हाये तुमी!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "लागू पडली. गुळवेल लागू पडली!"

आईनं बादल्या खाली ठेवल्या. "कोण हो भाऊ तुमी? काय लागू पडलं?"

मग अंगणात बसून डोमाभाऊंनी माझ्या आईला तिचं चार वर्षांचं आजारपण सांगितलं. ताप, पोट, दम, सांधे, तारीखवार. काय काय पाठवलं तेही. शेवटी अन्न जाईना झालं, तेही सांगितलं. आई ऐकत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती. मला लहानपणी कानाखाली बसायच्या आधी ती अशीच बघायची. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हो भाऊ. लय वाईट दिवस काढले मी. आता तुमच्या गुणानं बरी हाय."

तिनं खेकडे रांधले. त्यांना वाढलं, स्वतः समोर बसून चवीनं खाल्लं. ती उठली, पाटा उचलला, आत-बाहेर गेली की डोमाभाऊ नुसते हसायचे. परतीच्या वेळी तिनं त्यांचा डबा घासला आणि त्यात कुरडया भरल्या. डोमाभाऊ नको नको म्हणाले. आई म्हणाली, "रिकामं भांडं परत पाठवतात का भाऊ कोणी?"

मी त्यांना गाडीत बसवून आलो. आई उंबऱ्यावरच बसली होती.

"किती डबे आले होते?"

"आई, ऐक..."

"किती डबे? अन् सारे रिकामेच परत नेले?" खोटं बोललास असं ती म्हणालीच नाही. "चार वर्षं तो मानूस माह्यासाठी जंगलात जाऊन राह्यला, अन् तुया हातानं त्याले माह्या घरून रिकामा डबा जाऊन राह्यला. काय म्हनत असन तो? मास्तरची माय कशी हाय, चिमूटभर मीठबी ठेवत नाई डब्यात!" मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "सोमवारी जाऊन खरं सांग. नाईतर शनिवारी येऊ नको इथी."

सोमवारी सकाळी उतरलो. डोमाभाऊ फलाटावर, उजळलेले. सगळ्या गावाला सांगून झालं होतं. वहीत आईच्या नावापुढे चार वर्षांची राहिलेली बरोबरची खूण त्यांनी लाल शाईनं केली होती, ती मला दाखवायला वही बाहेर आणली होती.

मी सांगितलं. एका दमात. आई कधीच आजारी नव्हती, मी कॅरम खेळायला जात होतो, गुळवेल मीच फेकली. मला वाटलं ते शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

त्यांनी वहीतल्या लाल खुणेवर बोट ठेवलं. म्हणाले, "मंग मी काऊन गेलतो?"

त्यांनी तीस वर्षं वाट पाहून एक कारण मिळवलं होतं, आणि तेही खोटं निघालं होतं. वही बगलेत मारून ते खोलीत गेले.

त्यानंतर मी शाळा पूर्ण करून संध्याकाळच्या साडेसहाच्या गाडीनं जायला लागलो. पहिल्या शनिवारी खिडकीशी वाकलो. "चांदा फोर्ट."

तिकीट बाहेर आलं.

मी तिथेच उभा. "भाऊ, कारण..."

"पुढचे या," आतून आवाज आला.

पुढच्याला विचारलं, काऊन? त्याच्या मागच्यालाही विचारलं. बकरी विकायला निघालेल्याला तर बकरीचं वयसुद्धा विचारलं. मला नाही. वहीत माझं नाव, गाव, आणि पुढचा रकाना कोरा. दुसऱ्या शनिवारी तसंच. तिसऱ्या शनिवारी तसंच. मी उतरलो की 'झालं काम?' म्हणून कुणी विचारायला येईना. जगात कुणीतरी आपल्याला दर आठवड्याला 'कुठे, कशाला' विचारतं, ही केवढी श्रीमंती होती, ते ती गेल्यावर कळलं. आणि ज्या साहेबासाठी तीस वर्षं एकही रकाना रिकामा ठेवला नव्हता, त्याच्यापुढे आता माझ्यामुळे कोऱ्या ओळी जाणार होत्या. खोटं लिहिण्यापेक्षा त्यांनी कोरं सोडणं पत्करलं होतं.

हे मी घरी सांगितलं. आई भाकरी थापत राहिली.

चौथ्या शनिवारी मी सहालाच रांगेत जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात चंद्रपूरकडून येणारी गाडी थांबली. डोमाभाऊ रिवाजाप्रमाणे बाहेर आले. दोघं-तिघं उतरले, "झालं काम?" विचारून झालं. मग मागच्या डब्यातून एक बाई उतरली. हातात पिशवी, पदर खोचलेला.

आई.

मी रांगेतून हललोच नाही. ती सरळ डोमाभाऊंपुढे जाऊन उभी राहिली.

"माय? तुमी? इथी?" ते गोंधळले. मग सवयीनं तोंडून निघालं, "काऊन आले?"

"तुमाले पाहाले," आई म्हणाली. "तुमी आले होते ना मले पाहाले? मंग मले याले नको?"

"मले?"

"हो. तुमाले."

डोमाभाऊंनी मागे वळून पाहिलं, जणू मागे दुसरं कुणी उभं असेल. नव्हतं. मग ते लगबगीनं खोलीत शिरले, वही उघडली, पेन घेतला. आणि पेन थांबला. रांगेतले सगळे खिडकीशी वाकून बघू लागले.

"काय झालं डोमाभाऊ?"

"रकाना नाई," ते हळूच म्हणाले. "जानाऱ्याचेच रकाने हाय. येनाऱ्याचा कधी आखलाच नाई. माह्याकडे याचं कोनाले..."

त्यांनी वही उलटी केली. मागच्या कोऱ्या पानावर पट्टी ठेवून एक रेघ मारली, ती वाकडी आली. वर लिहिलं, 'येनारे'. खाली, 'एक. गुर्जीची माय'. आणि 'कारण' लिहून पेन माझ्याकडे धरला. महिन्याभरात पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत होते.

"तुमी लिवा गुर्जी. सोताचं नाव सोताच्या हातानं लिवाले कसंतरी वाटते."

मी खिडकीतून हात घालून लिहिलं. 'डोमाभाऊंना पाहायला.' त्या वहीत मी दिलेलं पहिलं खरं कारण होतं ते. अक्षर काही चांगलं आलं नाही. आईनं पिशवीतून एकेक डबा काढून खिडकीत मांडायला सुरुवात केली होती. कुरडया, लोणचं, तिळाचे लाडू. खिडकी भरली तरी पिशवी संपेना.

डोमाभाऊंनी डब्यांच्या मधून वाट काढून चष्मा पुढे आणला. नाक ओढलं. वही सरळ केली.

"बोला गुर्जी. कुठी?"

"चांदा..." म्हणता म्हणता मी थांबलो.

"काऊन जाऊन राह्यले?"

"नाही जात आज, भाऊ. आई इथंच आलीय."

"मंग रांगेत काऊन उभे हाये?" डोमाभाऊ खेकसले. "बाजूले व्हा ना बाप्पा. मागं लोकाले कामं हाय."